तारखेच्या माथी खापर

तिळगुळाच्या शुभेच्छा ओसरल्या की पुण्यातल्या सोसायट्यांच्या, हास्यक्लबांच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरायला लागतो. खाली हात जोडल्याच्या चार इमोजी आणि 'किमान दहा जणांना पाठवा' अशी तंबी. सारांश असा: इतिहासातल्या मोठ्या घटना एकाच तारखेला घडतात, हा योगायोग असूच शकत नाही, मुहूर्तासारखा तारखेलाही गुण असतो. पुरावे म्हणून सहा गोष्टी दिलेल्या असतात. पानिपत संक्रांतीला, १४ जानेवारीला झालं. शिवराज्याभिषेक ६ जूनचा आणि दुसऱ्या महायुद्धातलं नॉर्मंडीचं आक्रमणही ६ जूनचं. व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाच्याच दिवशी, २२ जूनला, पुण्यात प्लेग अधिकारी रँड मारला गेला. टिळक गेले त्याच १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जन्मले. १५ ऑगस्ट भारताचा, कोरियाचा आणि योगी अरविंदांचाही. आणि शेवटी हुकमी पत्ता: २६ तारीख शापित आहे, भूजपासून मुंबईपर्यंत सगळं २६ लाच घडलं, सबब २६ ला घराचा व्यवहार, गाडीची खरेदी, ठरवून करायची शस्त्रक्रिया टाळावी.

यातलं काही खरं आहे, काही साफ चूक आहे आणि बरंचसं माणसांनी ठरवून केलेलं आहे. सगळं एकाच पातेल्यात ढवळल्यामुळे ते पटतं. वेगवेगळं करून बघितलं की फारसं उरत नाही.

"पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं"

हा समज सगळ्यात जुना आणि मराठी माणसाच्या मनात सगळ्यात घट्ट बसलेला. लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२, बुधवारी. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. इथपर्यंत ठीक. आज संक्रांत १४ ला येते, म्हणजे १७६१ सालीही ती १४ लाच असणार, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

संक्रांत १४ जानेवारीला बांधलेली नाही. ती सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाला बांधलेली आहे, आणि आपली बहुतेक पंचांगं तो प्रवेश निरयण पद्धतीने, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. ताऱ्यांच्या हिशेबाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण २० मिनिटांनी मोठं असतं. इंग्रजी कॅलेंडर मात्र ऋतूंच्या वर्षाला धरून चालतं. दर वर्षीची ही २० मिनिटांची बाकी साठत जाते, सुमारे ७० वर्षांत तिचा एक दिवस होतो आणि संक्रांत एका तारखेने पुढे सरकते. म्हणून तर हल्ली ती कधी १४ ला, कधी १५ ला येते आणि हळदीकुंकवाच्या याद्या करताना 'यंदा नक्की कधी गं?' असा फोन फिरतो.

आता मागे चला. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्यांच्या चरित्रांत हे आवर्जून सांगितलेलं असतं. म्हणजे १८६३ मध्ये संक्रांत १२ ला होती. आणखी शंभर वर्षं मागे गेलं की ती १० जानेवारीच्या आसपास जाऊन बसते. १४ तारखेच्या सकाळी भाऊसाहेबांची फौज पानिपतच्या छावणीतून बाहेर पडली तेव्हा संक्रांत होऊन चारेक दिवस उलटले होते. अन्नान्नदशा झालेल्या त्या छावणीत सण कुणाला आठवला असेल, हा भाग वेगळाच.

आणि '१४ जानेवारी' ही तारीख त्या रणांगणावर मराठ्यांच्या किंवा अब्दालीच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं. पुणे पुराभिलेखागारात किंवा सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात पेशवाईतली कागदपत्रं रुमालांत बांधून ठेवलेली आहेत. एखादं पत्र पाहा. तारखेच्या जागी 'छ' असतो, म्हणजे चंद्र. त्यापुढे मुसलमानी महिन्याचा दिवस आणि महिन्याचं नाव, रबिलावल किंवा जमादिलाखर असं. सालही अरबी शब्दांत. पानिपतच्या वर्षाचं साल 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हा सुहूर सन. त्याचं नवं वर्ष जानेवारीत लागत नाही, मृग नक्षत्र लागलं की लागतं, कारण शेतसाऱ्याचा हिशेब पावसाला धरून. कुणी तिथी लिही, कुणी शक लिही, अब्दालीकडच्या कागदांत हिजरी ११७४. ह्या सगळ्याची इंग्रजी तारखेशी सांगड नंतरच्या अभ्यासकांनी घातली, जंत्र्या पुढ्यात घेऊन, दिव्याखाली डोळे फोडून. ज्या तारखेने तिथे कुणी दिवस मोजलाच नाही, तिची साडेसाती त्यांना लागली कशी म्हणायची? पराभवाचं कारण शोधायचं असेल तर तुटलेली रसद आणि फौजेबरोबरचे हजारो बुणगे, म्हणजे न लढणारी माणसं, आणि यात्रेकरू यांच्यापासून सुरुवात करता येईल. पंचांगात ते सापडणार नाही.

"६ जून: रायगड आणि नॉर्मंडी"

इथे दोन निराळी कॅलेंडरं एका ओळीत आणून ठेवली आहेत. राज्याभिषेक झाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके १५९६. त्याची तारीख ६ जून १६७४ सांगतात, कारण कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी रायगडावर हजर होता आणि इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते. कॅथलिक देशांनी १५८२ मध्येच दहा दिवस गाळून नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं. इंग्रज १७५२ पर्यंत अडून बसले. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर उजाडला. तोवरच्या काळात गोव्याच्या पोर्तुगीज कचेरीत आणि सुरतेच्या इंग्रज वखारीत एकाच दिवशी पत्र लिहिलं, तर सतराव्या शतकात त्या दोन पत्रांवर दहा दिवसांच्या फरकाच्या तारखा पडत.

आपल्या भिंतीवरचं आजचं कॅलेंडर तसंच मागे नेलं तर राज्याभिषेकाचा दिवस १६ जून १६७४ येतो. नॉर्मंडीची ६ जून १९४४ ही आजच्याच कॅलेंडरची तारीख. मधे दहा दिवस पडले, जोडी फुटली. गैरसमज नको: ६ जूनला गडावर जाऊ नका असं मी म्हणत नाही. तिथीने जा, तारखेने जा, दोन्ही वेळा पायऱ्यांवर मुंगीला वाट नसते.

शिवाय नॉर्मंडीचा बेत मुळात ५ जूनचा होता. हवा बिघडली आणि आयझेनहॉवरने तो एका दिवसाने ढकलला. किनाऱ्यावर उतरायला पहाटे ओहोटी हवी आणि छत्रीधारी सैनिकांना रात्री चांदणं हवं, म्हणून पौर्णिमेजवळचे मोजकेच दिवस त्यांच्या हाताशी होते. गंमत म्हणजे तिथीने पाहिलं तर रायगड आणि नॉर्मंडी तारखेपेक्षा जवळ येतात! पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला वारले, ही जगभर फिरणारी गोष्टही याच घोटाळ्यातली. इंग्लंडात २३ एप्रिल होता तेव्हा स्पेनमध्ये ३ मे उजाडला होता.

"२२ जून: राणीचा महोत्सव आणि रँडचा वध, नियतीचा न्याय"

हा मुद्दा पुणेकराने तरी पुढे पाठवू नये.

व्हिक्टोरिया गादीवर आली २० जून १८३७ ला. साठ वर्षं पुरी झाली २० जून १८९७ ला, पण तो निघाला रविवार. म्हणून लंडनची मुख्य मिरवणूक मंगळवारी, २२ तारखेला ठेवली आणि साम्राज्यभर तोच दिवस धरला गेला. तारीख ठरली ती तिथल्या दरबारी मंडळींनी वार बघून.

दुसऱ्यांदा ती ठरवली चिंचवडच्या चापेकर बंधूंनी. प्लेगच्या साथीत रँडच्या हुकमतीखालचे गोरे सोजीर घरं तपासायच्या नावाखाली माजघरात, देवघरात घुसत होते आणि गावात आतल्या आत संताप शिजत होता. रँड एरवी केव्हा कुठे सापडेल याचा भरवसा नव्हता. महोत्सवाच्या रात्री मात्र तो गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसात जाणार, म्हणजे आज जिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, आणि परतताना गणेशखिंड रस्त्यानेच येणार, हे उघड होतं. तारखेची निवड यातून झाली. 'गोंद्या आला रे' ही खूण ठरली. दामोदर आणि बाळकृष्ण वाटेवर दबा धरून राहिले. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड जखमी झाला आणि मेला ३ जुलैला. म्हणजे 'राणीच्या महोत्सवादिवशी रँड मेला' हे वाक्यच चुकीचं आहे. एवढं तरी बघून घ्यायचं!

दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण असे एका घरातले तीन भाऊ आणि त्यांचे सोबती महादेव रानडे या प्रकरणात फासावर गेले. पाळत ठेवणं, हत्यारं मिळवणं, दिवस नक्की करणं, त्याची किंमत मोजणं, हे सगळं त्यांनी केलं. आणि आपण श्रेय देणार कॅलेंडरला?

"१ ऑगस्ट: एक तारा मावळला, दुसरा उगवला"

इथे तारखा खऱ्या आहेत. लोकमान्य मुंबईत सरदारगृहात गेले ते १ ऑगस्ट १९२० ला, आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णाभाऊंचा जन्म झाला. पुण्यात त्या सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्याला हार घालून पुढे सारसबागेजवळ अण्णाभाऊंच्या पुतळ्याकडे जाणारी मंडळी दरवर्षी दिसतात. भाषणात ही जुळणी छान वाटते आणि भाषणात तिला माझी हरकत नाही.

फक्त एक बारकावा. टिळक गेले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर, तासाभराच्या आत. आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो; त्या हिशेबाने तो अजून शनिवारच होता. घड्याळाचा काटा बाराच्या अलीकडे असता तर सगळीकडे ३१ जुलै छापलं गेलं असतं, आणि घटना तिळभरही बदलली नसती. असहकाराचं आंदोलन त्याच १ ऑगस्टला सुरू झालं, असंही मजकुरात असतं. ते बरोबर आहे, पण तो दिवस गांधीजींनी आधीच जाहीर केलेला होता. २०१२ च्या जंगली महाराज रस्त्यावरच्या साखळी स्फोटांची तारीखही अलीकडे कुणीतरी या यादीला चिकटवली आहे. टिळकांच्या पुण्यतिथीचा आणि त्या स्फोटांचा संबंध काय, हे चिकटवणाऱ्यालाच विचारा.

"१५ ऑगस्ट हा ग्रहांनी निवडलेला दिवस"

माउंटबॅटनने निवडलेला. जपानने १९४५ मध्ये १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केली होती, आणि आग्नेय आशियातल्या त्या युद्धात तोच सरसेनापती होता. तो दिवस त्याच्या डोक्यात बसला होता. कोरिया जपानच्या कब्ज्यातून सुटला तो त्याच शरणागतीमुळे, मग १५ ऑगस्ट त्यांचाही असणारच. उलट आपल्याकडच्या ज्योतिष्यांना हा दिवस पसंत नव्हता, हेही प्रसिद्ध आहे. पाकिस्तानच्या १९४८ च्या पहिल्या स्मारक तिकिटांवर स्वातंत्र्याची तारीख १५ ऑगस्टच छापलेली आहे, १४ नंतर ठरला. योगी अरविंद १८७२ मध्ये १५ ऑगस्टला जन्मले हा मात्र योगायोग.

"२६ तारीख शापित आहे"

ह्यावर जरा वेळ घालवतो, कारण बाकीचे मुद्दे निरुपद्रवी आहेत आणि हा लोकांच्या वागण्यात उतरतो.

यादीत असतात: भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१, त्सुनामी २६ डिसेंबर २००४, मुंबईचा पाऊस २६ जुलै २००५, अहमदाबादचे स्फोट २६ जुलै २००८, मुंबईवरचा हल्ला २६ नोव्हेंबर २००८. ह्या पाच तारखा ठीक आहेत. मग यादी लांबवायच्या हौसेने चीनमधला तांगशानचा भूकंप '२६ जुलै १९७६' आणि नेपाळचा '२६ एप्रिल २०१५' असे घुसडलेले असतात. तांगशान हादरलं २८ जुलैच्या पहाटे. नेपाळचा मोठा धक्का २५ एप्रिलला दुपारी बाराच्या सुमाराला बसला. २६ ला आला तो नंतरचा धक्का. काही याद्यांत १५३१ सालचा लिस्बनचा भूकंपही असतो, २६ जानेवारीचा. ते वर्ष ग्रेगोरियन कॅलेंडर यायच्या आधीचं. आजच्या हिशेबाने ती ५ फेब्रुवारी होते. म्हणजे पुन्हा राज्याभिषेकासारखंच.

उरलेल्या पाचांतही 'तारीख' म्हणजे कुठली तारीख? भूजची जमीन सकाळी पावणेनऊला हलली तेव्हा कॅलिफोर्नियात २५ जानेवारीची संध्याकाळ होती. सुमात्रापाशी समुद्राचा तळ उचलला गेला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अजून नाताळ चालू होता. जमिनीखालच्या थरांना हे माहीत असण्याचं कारण नाही.

मुंबईच्या पावसाची गोष्ट तर आणखी मजेची आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. हवामान खातं पाऊस मोजतं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, आणि तो आकडा नोंदवतं ज्या दिवशी मोजला त्या तारखेखाली. शिवाजीनगरच्या ज्या हवामान खात्याला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, त्यांच्या रीतीने तो ९४४ मिलिमीटर २७ जुलैचा. आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला किती? सुमारे ७३ मिलिमीटर. तारखेचा शाप असता तर दक्षिण मुंबईला अशी सूट का दिली असती?

२६ नोव्हेंबरच्या हल्ल्याबद्दल, त्या कटातल्या डेव्हिड हेडलीच्या साक्षीत आलं की त्याआधीचे दोन प्रयत्न फसले होते. पहिला साधला असता तर आज २६/११ हा शब्दच नसता.

सकाळी तळजाईला फिरायला येणारे एक काका या यादीचे कट्टर पुरस्कर्ते. हे सगळं ऐकून म्हणाले, "अहो, ते सगळं मान्य. पण पाच तर जुळतात ना? पाच जुळायला काहीतरी लागतंच की."

म्हटलं, "काका, लागतं. दर महिन्याला एक २६ तारीख लागते."

वर्षाच्या ३६५ दिवसांत बारा वेळा २६ येते. ७ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी १५ च्या आसपास होतात. शंभर वर्षांत दीड हजार. नुसत्या वाटणीनेच त्यातले पन्नासेक २६ तारखेला पडायला हवेत. यादीवाल्याला पन्नासांतले पाच-सहा निवडायचे असतात. वर पूर, स्फोट, विमान अपघात घ्यायची मुभा आहेच. हवं तर देश बदला, शतक बदला. एवढी मोकळीक असेल तर कुठल्याही तारखेला शाप लावता येतो. काकांसमोर तिथेच ११ तारखेची यादी केली. ताश्कंदला शास्त्रीजी गेले ११ जानेवारी १९६६ ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. मोरबीचं धरण फुटलं ११ ऑगस्ट १९७९. न्यूयॉर्क, ११ सप्टेंबर २००१. माद्रिदच्या रेल्वेतले स्फोट, ११ मार्च २००४. मुंबईच्या लोकलमधले स्फोट, ११ जुलै २००६. जपानची त्सुनामी, ११ मार्च २०११. सात झाल्या, सगळ्या खऱ्या, कुठलीही ओढूनताणून आणलेली नाही. २६ पेक्षा तगडी यादी आहे. आणि आपण मात्र आहेराच्या पाकिटात बिनदिक्कत अकरा, एकशे अकरा घालतो.

काका हसले, पण पाकिटाबद्दल विचारात पडल्यासारखे वाटले. ही यादी ग्रुपवर टाकायचा मोह मी टाळला आहे. उद्या तीच 'किमान दहा जणांना पाठवा' होऊन माझ्याकडे परत यायची.

आता २६ ची दुसरी बाजू. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या तो हुकूम २६ जुलै १९०२ चा. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, बाबा आमट्यांचा २६ डिसेंबर १९१४ चा. बालगंधर्व जन्मले २६ जून १८८८ ला, आणि संभाजी पार्काशेजारचं त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं २६ जून १९६८ ला. ती जुळणी अर्थातच मुद्दाम केलेली. कारगिल विजय दिवस २६ जुलै. आणि २६ जानेवारी? १९५० ची निवड १९३० च्या स्वातंत्र्यदिनावरून झाली. १९३० मध्ये २६ जानेवारी का, तर तो महिन्याचा शेवटचा रविवार होता. लोकांना सभेला, प्रतिज्ञेला यायला सवड हवी म्हणून रविवार. राणीच्या मिरवणुकीने रविवार टाळला, काँग्रेसने रविवार धरला, आणि पुढच्या पिढ्या त्या आकड्यांत ग्रह शोधत बसल्या.

मला या फॉरवर्डमधलं सगळ्यात खटकतं ते वेगळंच. पुण्याचं सर्वांत मोठं संकट २६ ला आलं नाही. १२ जुलै १९६१ ला आलं. पानशेतचं मातीचं धरण पुरं झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. जवानांनी वाळूची पोती टाकून ते धरून ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. सकाळी पानशेत गेलं, त्या लोंढ्याने मग जुनं खडकवासला गेलं, आणि मुठेचं पाणी लकडी पुलावरून वाहत शनिवार, नारायण पेठांतल्या वाड्यांमध्ये शिरलं. नदीकाठच्या पेठांतली म्हातारी माणसं अजून भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवतात. त्या माणसांना १२ तारीख अशुभ होती असं सांगून बघा. ती विचारतील, धरण अर्धवट असताना पाणी का अडवलं? मुंबईच्या २६ जुलैचंही तसंच. मिठी नदी कोणी अरुंद केली, तिच्या काठाने भराव कोणी घातले, पाण्याला वाट का उरली नाही, या प्रश्नांची उत्तरं द्यायला माणसं आणि कचेऱ्या आहेत. तारखेला जबाबदार धरलं की ती सगळी सुटतात. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३, माळीणचा ३० जुलै २०१४, तिथेही दगडमातीच्या भिंती आणि ढासळते डोंगरउतार यांच्याबद्दल बोलायला हवं. नशीब, ३० तारखेचा फॉरवर्ड अजून आलेला नाही.

राहता राहिला सल्ला: २६ ला व्यवहार नको, ऑपरेशन नको. दस्तनोंदणी पुढे ढकलायची तर खुशाल ढकला, फार तर एक फेरी वाया जाईल. पण डॉक्टरांनी दिलेली शस्त्रक्रियेची तारीख फॉरवर्ड वाचून बदलू नका. २६ ला पुण्यातल्या दवाखान्यांत इतर दिवसांइतकीच बाळं जन्मतात आणि इतर दिवसांइतकेच टाके पडतात.

काही जुळण्या तरीही उरतात, आणि त्या उरायलाच हव्यात. इतिहासातल्या कुठल्याही २३ घटना घ्या. त्यांतल्या निदान दोन एकाच तारखेच्या असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ४० घेतल्या तर जवळजवळ नव्वद टक्के. गांधीजी आणि शास्त्रीजी २ ऑक्टोबरला जन्मले. डार्विन आणि लिंकन तर एकाच दिवशी जन्मले, १२ फेब्रुवारी १८०९ ला. आणि एक जुळणी थेट आपल्या घरची आहे. शिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला, तात्या टोप्यांना फाशी दिली १८ एप्रिल १८५९ ला, आणि येरवड्याला दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला. दोन्ही तारखा नव्या कॅलेंडरच्या, दोन्ही सरकारी नोंदीतल्या, कुणी ठरवून जुळवलेल्या नाहीत. इतकी वर्षं हा मजकूर पुण्यात फिरतोय, दरवर्षी त्यात भर पडते, तांगशान आणि लिस्बनही आले; आणि १८ एप्रिल त्यात अजून कुणी घातलेला नाही.